जलालभाईंच्या कंपनीची माणसं

वरवे बुद्रुकला हायवे सोडून थोडं आत गेलं की पत्र्याची एक शेड लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथं पंक्चर काढत असतील. पण दारावर निळ्या रंगात ‘जलाल ॲग्रो इंजिनिअरिंग’ असं लिहिलेलं आहे आणि आत भात झोडायची मशीनं तयार होतात. मशीन म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. दातेरी ढोल, लोखंडी सांगाडा आणि खाली पायानं मारायचं पायडल. गंमत अशी की ते दोन तुकड्यांत सुटतं आणि दोन माणसं खांद्यावर घेऊन डोंगर चढू शकतात. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, पासलीकडं, काही खाचरांपर्यंत ट्रॅक्टर सोडा, बैलगाडीसुद्धा धड जात नाही. तिथं हे मशीन जातं. आणि त्याचं पायडल चांगलं रुंद आहे. दोन बाया शेजारी शेजारी उभ्या राहून गप्पा मारत ते चालवतात.

निलोफर या कंपनीचं ऑफिस सांभाळायची. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून केलेली खोली. कॉम्प्युटर सुरू करण्याआधी त्यावरचा लोखंडाचा भुसा पुसावा लागे. बी.कॉम. झाल्यावर पुण्यातली चांगली नोकरी सोडून ही मुलगी भोरहून एसटीनं वरव्याला का येते, हे तिच्या नातेवाइकांना कळत नव्हतं. तिला मात्र पक्कं ठाऊक होतं. जलालभाईंसारखा माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. मशीन घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला हा माणूस आधी मशीनच्या खोडी सांगायचा. एकानं विचारलं की यात नाचणी निघेल का, तर यांनी त्याला दुसऱ्या कारखान्याचा पत्ता दिला आणि वर चहा पाजला. अशानं धंदा चालतो कसा, याचा निलोफरनं सुरुवातीला बराच विचार केला. पुढं विचार करायचं सोडून दिलं आणि ती त्यांचा अभिमान बाळगायला लागली.

तरी धंदा तसा अर्ध्या वर्षाचाच होता. भाताचा हंगाम संपला की शेडला कुलूप. मग कुणी हायवेवरच्या हॉटेलात कामाला जाई, कुणी घरी बसे. हाशिम वेल्डरनं तर यंदा चाकणची वाट धरायचं मनाशी ठरवलं होतं, आणि तो गेला तर ढोलाचे दात बसवायला तसा हात मिळणार नव्हता. अशात पुण्याच्या एका संस्थेचा फोन आला. ती संस्था सह्याद्रीतल्या डोंगरी गावांना भात झोडायची मशीनं पुरवणार होती आणि त्यासाठी बनवणारा एकच निवडणार होती. ते काम मिळालं तर शेड बारा महिने चालणार होती. हाशिम राहणार होता. निलोफरनं अर्ज भरला. कर्मचारी किती, या प्रश्नापुढं जलालभाई आणि ती स्वतः धरून आठ असा आकडा लिहिला आणि अर्ज पाठवून दिला.

संस्थेच्या शेफाली मॅडमनी अर्ज वाचला, मशीनचं कौतुक केलं आणि एक अडचण सांगितली. निवड करणारी समिती लिंक्डइनवर कंपनीचं पेज बघते. लोक तुम्हाला ओळखतात का, तुमच्याबद्दल काय बोलतात, ते तिथं दिसतं. तुमच्या पेजवर तर चिटपाखरू नाही. जलालभाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. त्यांच्या मोबाईलवर हिरवी आणि लाल अशी दोनच बटणं त्यांना ठाऊक होती. निलोफर म्हणाली, पेजचं माझ्यावर सोडा.

आणि तिनं जीव ओतला. शेडवरच्या आठही जणांची खाती उघडून नावं पेजला जोडली, झकास फोटो काढले. इंग्रजीत असं काही लिहिलं की मशीनला स्वतःचीच ओळख पटली नसती. ‘शाश्वत’, ‘नावीन्यपूर्ण’, ‘ग्रामीण सक्षमीकरण’ या सगळ्याचे इंग्रजी अवतार तिथं रांगेत उभे होते. पायडल तेवढं राहून गेलं. कॉलेजच्या मैत्रिणी आल्या, मावसबहीण सानिया आली, सानियाच्या ऑफिसातले दोघंतिघं भिडेखातर आले आणि गाडी तिथंच अडली. निलोफर रोज सकाळी फॉलोअरचा आकडा बघायची. आकडा जागचा हलायला तयार नव्हता.

दसरा झाला आणि जलालभाई फेरीला निघाले. भात कापणीला येण्याआधी आजवर विकलेल्या प्रत्येक मशीनला जाऊन तेलपाणी करायचं, सैल झालेलं आवळायचं, ही त्यांची जुनी रीत. त्याबद्दल ते काही घेत नाहीत. यंदा निलोफरही फोटो काढायला म्हणून पप्पूच्या टेम्पोत बसली. पप्पू पासलीचा. माणसं, पेंढा, शेळ्या, नवरदेव, त्याच्या टेम्पोला काही वर्ज्य नाही, आणि तो स्वतः ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणाऱ्यांपैकी नाही.

पासलीत ते बनाबाईंच्या खळ्यावर थांबले. बनाबाई म्हणजे साठी उलटलेली, काटक, तोंडानं फटकळ आणि हातानं उदार बाई. जलालभाईंनी बनवलेलं पहिलं मशीन याच खळ्यावर आलं होतं. भात झोडून रास पडली की पूर्वी सुतार, लोहार, कुंभार अशा गावकामगारांचा वाटा त्या राशीतून काढत. त्याला बलुतं म्हणत. ते दिवस गेले, पण पासलीत रास पडली की एक सूपभर भात अजून बाजूला निघतो, तो जलालभाईंचा. जलालभाई तो दोन्ही हातांनी घेतात आणि घरी त्यांच्या पत्नी अकिलाचाची त्याचा पुलाव करून आधी शेडवरच्या माणसांना वाढतात. निलोफरनं तो खाल्ला होता, पण तो येतो कुठून हे तिला त्या दिवशी कळलं.

मशीनला तेल घालणं चालू असताना बनाबाईंनी तिला विचारलं की पोरी, तुझं तोंड का उतरलंय. निलोफरनं सगळं सांगितलं. संस्था, पेज, अडलेला आकडा. फॉलो करायचं म्हणजे काय, असं बनाबाईंनी विचारलं तेव्हा ती जरा अडखळली आणि म्हणाली, “म्हणजे ही कंपनी आपली आहे, असं चारचौघांत सांगायचं.”

“एवढंच व्हय?” बनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पप्पूकडं पाहिलं.

पप्पूनं पुढचे काही दिवस टेम्पोत बसणाऱ्या कुणालाही सोडलं नाही. विंझरला चहाच्या टपरीपाशी गाडी लावायची आणि येईल त्याचा मोबाईल हातात घ्यायचा. पासलीत देवळाच्या पायरीवर रेंज येते, तिथं त्यानं सगळी आळी बसवली. जलालभाईंचं काम आहे म्हटल्यावर कुणी नाही म्हणेना. ज्यांच्याकडं साधा फोन होता त्यांनी सुनेचा आणला. बनाबाईंनी नातवाचा जुना फोन कायमचा ताब्यात घेतला. लिंक्डइन नाव घालताना प्रत्येकाला विचारतं, आपण कुठं काम करता. पप्पूनं इथं विचार केला नाही, असं कुणी म्हणू नये. उलट जरा जास्तच केला. पेज जलालभाईंचं, सगळ्यांचं भात जलालभाईंच्या मशीनवर निघतं, आणि कंपनी आपली आहे असं तर सांगायचंच आहे. मग दुसरं नाव घालायचं कशाला? त्यानं सगळ्यांच्या पुढं ‘जलाल ॲग्रो इंजिनिअरिंग’ घातलं. हुद्दा मात्र ज्याचा त्यानं सांगितला. सगुणाबाईंनी ‘पेंढ्या देणे’ सांगितलं. विंझरच्या कुंडलिकनं ‘मशीन डोंगरावर नेणे’.

निलोफरनं सकाळी पेज उघडलं आणि तिला आधी वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. आकडा शेकड्यांत गेला होता. तिनं शेडभर सगळ्यांना ओरडून सांगितलं, हाशिमनं वेल्डिंगचा चष्मा वर केला, जलालभाईंनी नसरापूरहून भेळ मागवली. खाली ‘कर्मचारी’ या शब्दापुढं काय दिसतंय, तिकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. शेफाली मॅडमचं गेलं.

त्यांचा फोन आला तेव्हा कापणी जोरात होती. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या नम्रपणे बोलल्या. अर्जात तुम्ही आठ माणसं लिहिली आहेत आणि पेजवर शेकडो कर्मचारी दिसताहेत. आकडे फुगवून दाखवणाऱ्या कंपनीला समिती बाद करते, असा नियम आहे. सोमवारी समिती बसेल. तोपर्यंत पेज आणि अर्ज जुळले नाहीत, तर मला काही करता येणार नाही. निलोफरनं फोन ठेवला. आयुष्यात कधी मशीनबद्दल एक शब्द वाढवून न बोललेल्या माणसाला तिनं जगापुढं खोटारडं ठरवलं होतं.

तिनं जलालभाईंना सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण रडलीच. मग डोळे पुसून म्हणाली की उपाय आहे. पेज चालवणाऱ्याला तक्रार करता येते की ही माणसं आमची नाहीत. एकेका नावावर बोट ठेवत गेलं तर संध्याकाळपर्यंत सगळी साफ.

जलालभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. “आमची न्हाईत, असं लिवायचं?”

“चाचा, आता वेळ नाही.”

“मायेनं नाव लावलंय बेटा त्यांनी. घरी आलेल्या पाव्हण्याला कुणी ढकलून बाहेर काढतं का? जाऊ, सांगू. चुकलंय कळलं की आपल्या पायानं उठतील ते.”

हंगामाच्या ऐन धामधुमीत पप्पूचा टेम्पो पुन्हा निघाला. पप्पूचा चेहरा उतरून एवढासा झाला होता आणि तो आयुष्यात पहिल्यांदाच न बोलता गाडी चालवत होता. लोक खळ्यांवर होते. कुणाला बोलायला सवड नव्हती. मग निलोफर ओढणी कमरेला खोचून पायडलवर उभी राहायची, ज्याचं काम तिनं घेतलं तो बाजूला होऊन मोबाईल काढायचा आणि पप्पू त्याला दाखवायचा. मशीनवर इतकं लिहिणाऱ्या या मुलीनं मशीन चालवलं ते असं पहिल्यांदा. संध्याकाळी पाय भरून यायचे. पण शेजारी उभी असलेली बाई पायडलला ताल धरून द्यायची, आणि आपण एकट्या नाही एवढ्यानंच पाय हलका होतो, हे तिच्या ध्यानात आलं.

नाव काढायला कुणी नकार दिला नाही. पण कुंडलिकनं एक शंका काढली, आणि ती अशी होती की पुण्यातल्या कुणाला ती सात जन्मांत सुचली नसती. काल नाव लावलं आणि आज काढलं, तर लोक म्हणतील कुंडलिकचं आणि जलालभाईंचं बिनसलं. हे त्याला चालणार नव्हतं. म्हणून त्यानं नाव काढलं आणि पेजवर सगळ्यांना दिसेल असं खाली लिहिलं, ‘मी या कंपनीत कामाला नाही. आमचं भांडण झालेलं नाही. माझ्याकडं यांचं मशीन आहे. बंद पडलं तेव्हा जलालभाई पावसात वर चालत आले होते.’

कुंडलिकनं लिहिलं म्हटल्यावर बाकीचे मागं कसे राहतील? नाव काढणारा प्रत्येक जण आपलं भांडण झालेलं नाही, याची ग्वाही द्यायला लागला, आणि ते खरं वाटावं म्हणून प्रत्येकानं आपली हकिकत जोडली. सगुणाबाईंनी सुनेकडून लिहून घेतलं की पूर्वी दगडावर पेंढी आपटून खांदा जायचा, आता सासू-सुना शेजारी उभ्या राहतो आणि बोलायला वेळ मिळतो, तेवढं एक वाईट आहे. कुणी मशीनची खोडसुद्धा लिहिली, ओली पेंढी अडकते म्हणून, आणि खाली दुसऱ्यानं लिहिलं की जलालभाईंनी ते आधीच सांगितलं होतं, तुम्हीच ऐकलं नाही.

निलोफर हे टेम्पोत बसून वाचायची आणि तिला हसू आवरायचं नाही, आणि मधेच डोळे भरून यायचे. तिनं शोधून शोधून काढलेले इंग्रजी शब्द एकीकडं आणि ही माणसं एकीकडं. कर्मचारी रोज कमी होत होते आणि फॉलोअर वाढत होते. आता तर कोकणातले, कोल्हापूरकडचे, कधी न पाहिलेले लोक येऊन विचारत होते की हे मशीन आमच्याकडं मिळेल का.

शेवटच्या दिवशी, रविवारी दुपारी, पेजवर नऊ कर्मचारी उरले. आठ शेडवरचे. नववं नाव बनाबाईंचं. त्यांचं घर निलोफरनं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं अडचण येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

बनाबाई अंगणात पेंढ्या लावत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्या न्हाई काढायची.”

निलोफरनं पुन्हा समजावलं. अर्जात आठ आहेत, इथं नऊ दिसतात. उद्या समिती बसणार. एका नावामुळं सगळं हातचं जाईल.

“बाकीच्यांनी कामाला नसून नाव लावलं, ते खोटं हुतं. त्यांनी काढलं, बरं केलं.” बनाबाईंनी हातातली पेंढी खाली ठेवली. “माझं खोटं न्हाई. म्या काम केलंय. लई केलंय. तुज्या चाच्याला इचार.”

निलोफरला राग आला. कितीही झालं तरी माणूसच होती ती, आणि त्यात दमलेली. ती देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. मोबाईल उघडला. बनाबाईंचं नाव समोर होतं. बोट ठेवलं की झालं असतं. बनाबाईंना ते कळलंही नसतं. शेड बारा महिने चालली असती, हाशिम राहिला असता. तिचं बोट नावावर गेलं, तिथंच थांबलं, आणि थोड्या वेळानं तिनं मोबाईल बंद करून ओढणीत गुंडाळला. नाव काढायचं तर सांगून काढायचं, असं चाचांनी म्हटलं होतं, आणि सांगून तर झालं होतं. ती उठून खालच्या खळ्याकडं गेली. जलालभाई तिथं एका मशीनचा दात बसवत होते.

त्यांनी सगळं ऐकलं. चिंधीला हात पुसले.

“ती खरं बोलती,” ते म्हणाले. “माझं पहिलं मशीन निव्वळ लोढणं हुतं. एका माणसाचा पाय धा मिंटात गळायचा. अख्खा हंगाम बनाक्कांनी ते चालवलं. रोज सांच्याला सांगायच्या, हितं अडतंय, तितं लागतंय. पायडल रुंद कर, दोघींना उभं ऱ्हाऊ दे, हे त्यांनी सांगितलं. त्येच्यावरच तर सगळं मशीन उभं हाय.”

निलोफरनं विचारलं, मग आता काय करायचं.

“अर्ज दुरुस्त कर. पेज बरोबर हाय. चूक अर्जात झाली. आपण आठ न्हाई, नऊ हावोत.”

तिनं पायरीवर बसूनच शेफाली मॅडमना लिहिलं. अर्जातला आकडा आमच्याकडून चुकला आहे. नववं नाव बनाबाई, मु. पो. पासली. मशीनची चाचणी त्यांनी घेतली आणि पायडल त्यांच्या सांगण्यावरून झालं. शेवटच्या घडीला आकडा बदलणं संशयास्पद दिसेल हे तिला कळत होतं, तरी तिनं एकही जडजंबाल शब्द घातला नाही. लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं, आणि जे होईल ते होवो, असं म्हणून ती टेम्पोत जाऊन बसली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी शेफाली मॅडमचा फोन आला, आणि निलोफरनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. काम मिळालं होतं. समितीतल्या एका वयस्क गृहस्थांनी म्हणे भांडण न झाल्याच्या ग्वाह्या एकामागून एक मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि विचारलं की एवढ्या लोकांनी जाताना चांगलं बोलावं, अशी कंपनी कुणी पाहिली आहे का. मॅडमनी जाता जाता आणखी एक विचारलं. मशीनची माहिती द्यायला समितीपुढं बनाबाई येतील का? हाशिमनं वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला, पण तो कामासाठी नव्हता, हे सगळ्यांना कळलं.

बनाबाईंचं गरवं भात गावात सगळ्यात शेवटी झोडायला येतं. त्या दिवशी जलालभाई, अकिलाचाची, निलोफर, सगळी शेडच पप्पूच्या टेम्पोतून पासलीला आली. रास पडली. बनाबाईंनी नेहमीसारखं सूप भरलं आणि जलालभाईंच्या पुढं धरलं. जलालभाईंनी हात पुढं केले नाहीत. त्यांनी पिशवीतून निळा शर्ट काढला, शेडवरच्या माणसांना असतो तसा, खिशावर कंपनीचं नाव असलेला.

“आधी ह्ये घ्या, आक्का,” ते म्हणाले. “इतकी सालं तुमी माझं बलुतं देत आलात. तुमचं माझ्याकडंच ऱ्हाऊन गेलं हुतं.”

बनाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांनी लुगड्यावरून शर्ट चढवला, अकिलाचाचींनी बटणं लावून दिली. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि उरलेल्या पेंढ्यांकडं बोट दाखवत निलोफरला हाक मारली. निलोफरनं मोबाईल पप्पूच्या हातात दिला, ओढणी खोचली आणि त्यांच्या शेजारी पायडलवर जाऊन उभी राहिली.